तीन-चाळीसची पाहुणी

१

ही गोष्ट लिहायला बाबुराव गणवीरांना जबरदस्तीनं बसवलं आहे, हे आधी सांगितलेलं बरं. सून म्हणते, "बाबा, मनात ठेवू नका, लिहून काढा." जसं काही मन म्हणजे मोरी आहे, बोळा काढला की सगळं वाहून जाईल. बाबुराव चौथी नापास. उभ्या जन्मात त्यांनी एकच लिखाण केलं. दिल्लीतल्या एका सरकारी भवनाच्या गेटवर बसून एकतीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर भरलं. नाम. कहाँ से आए. किससे मिलना है. साथ में कितने. आने का समय. जाने का समय. त्या रजिस्टरात 'मी' नावाचा रकाना नव्हता. म्हणून इथंही 'बाबुराव' असंच येईल. ज्याला पटत नसेल त्यानं वाचू नये.

रजिस्टरचा एक कायदा होता, आणि तो बाबुरावांनी स्वतः केलेला होता. आत गेलेल्या प्रत्येकाची बाहेर पडल्याची वेळ लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. एकदा कोणी मेरठचा पेन्शनर सकाळी अकराला आत गेला आणि बाहेरच आला नाही. साहेब लोक म्हणाले, "गया होगा, छोड़ो यार." बाबुराव हलले नाहीत. रात्री आठला तो तिसऱ्या मजल्यावर फायलींच्या रॅकमागे झोपलेला सापडला. त्याला उठवून, खाली आणून, वेळ लिहून मगच बाबुराव घरी गेले. गंगू म्हणाली, "जगातली सगळी माणसं मोजायचा ठेका तुम्हालाच दिलाय का?"

तिनं हे बोलावं! ती स्वतः काय करायची, ते पुढं येईलच.

२

गंगू म्हणजे बाबुरावांची बायको, गंगुबाई. मागच्या ऑक्टोबरात गेली. भंडाऱ्याकडची. गळा असा की दिल्लीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तिचं गाणं सुरू झालं की चहाच्या रांगेतली माणसं कप तसेच धरून आत यायची.

तिच्या शेवटच्या वर्षात सुनेनं, उत्तरानं, तिची गाणी फोनवर घेऊन ठेवली होती. उत्तरा नोएडात साड्या विकणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक कुठून येतं ते बघणं, हेच तिचं काम. बाबुराव तिला म्हणायचे, "आम्ही उन्हात बसून केलं ते तू एसीत बसून करतेस." डिसेंबरात तिनं सासूच्या नावाची साइट केली. गंगूचा फोटो, खाली दहा गाणी. आणि बाबुरावांना एक जुना टॅब देऊन म्हणाली, "बाबा, यात दिसतं कोण कुठून आलं ते."

"येतं कुठं कोणी? घरी बसून ऐकतात."

"तरी नोंद होते. गाव, वेळ, किती मिनिटं थांबले."

"गेल्याची वेळ?"

"ती पण."

"अच्छा," बाबुराव म्हणाले. "मग रजिस्टर म्हण ना सरळ."

आल्याचे तीन प्रकार असतात, असं तिनं सांगितलं. कोणी शोधत शोधत येतं. कोणी दुसऱ्या साइटवरची लिंक दाबून येतं. आणि कोणी डायरेक्ट येतं. बाबुरावांनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. पहिला रस्ता विचारत आलेला. दुसरा कोणाची चिठ्ठी घेऊन आलेला. तिसरा, ज्याला घर माहीत आहे.

मग रोज जेवण झालं की बाबुराव टॅब घेऊन बसायचे. मुलगा प्रफुल्ल आपल्या मंत्रालयात, सून नोएडात, घरात कोणी नाही. आर. के. पुरमचा सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. जिन्यात कोणी खोकलं तरी आत ऐकू येतं. नागपूरहून चार. पुण्याहून दोन. भंडाऱ्याहून एक, तो गंगूचा भाऊ असणार, बहीण जिवंत असताना कधी आला नाही. वाचता वाचता बाबुराव मोठ्यानं बोलायचे. बोलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

३

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं. रोज दुपारी तीन-चाळीसला एक पाहुणा. गाव पानिपत. प्रकार डायरेक्ट. एकच गाणं ऐकतो, चार मिनिटं थांबतो, जातो.

"अकरावं गाणं ऐकतो तो," एका रविवारी बाबुराव उत्तराला म्हणाले.

"दहाच आहेत, बाबा."

"इथं अकरा लिहिलंय."

उत्तरानं टॅब हातात घेतला. यादी खालीवर सरकवून पाहिली. म्हणाली, "हे आहे साइटवर, पण यादीत लावलं नाहीये. आईंचं ते शेवटचं, दारापाशी बसून म्हटलेलं. मध्ये रडल्यात, म्हणून मी बाजूला ठेवलं. त्याचा पत्ता मी कोणाला दिलाच नाही. प्रफुल्लला पण नाही."

"मग हा कसा आला?"

"काहीतरी टेक्निकल असेल. बघते."

तिनं ते गाणं लावून पाहिलं. गंगूचा आवाज, थकलेला.

दाराला कडी नको, सांज झाली तरी गं,
मोजून घे माणसं, कोण नाही घरी गं.

गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग थोडं पुढं चालत राहतं. प्रफुल्लचे बूट वाजतात, म्हणजे तो ऑफिसातून आला. मग गंगू म्हणते, "झाले सगळे." आणि कडीचा आवाज. टक, टक. कडी लावून वर बोटानं दोनदा वाजवायची तिची रीत. चाळीस वर्षं बाबुरावांनी रोज ऐकलेला आवाज. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय तिनं कधी कडी लावली नाही. शेजारणी हसायच्या, एकदा चोरी झाली, तरी नाही.

फक्त एकदा तिच्या घराला दिवसाढवळ्या कडी लागली. ती बाबुरावांनी लावली होती.

नऊ वर्षं झाली. तेव्हा बाबुरावांची नोकरी होती आणि घर सरोजिनी नगरात होतं, क्वार्टर एफ ३१७. त्यांची मुलगी श्रावस्ती, प्रफुल्लची धाकटी बहीण, पानिपतच्या घोंगड्यांच्या कारखान्यातल्या एका मुलाबरोबर निघून गेली होती. चिठ्ठी नाही, फोन नाही. आठ महिन्यांनी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, ती परत आली. बाबुराव सुट्टीवर होते. चारच्या चहाला वीस मिनिटं होती. दारावर थाप पडली आणि बाहेरून आवाज आला, "बाबा." बाबुरावांनी उठून कडी लावली, आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. गंगू आधी पाया पडली, मग शिव्या दिल्या, मग खिडकीकडे पळाली. चार मिनिटं थाप पडत होती. मग पडली नाही.

इतकंच. त्यानंतर श्रावस्तीचं काही कळलं नाही. बाबुरावांनी विचारलं नाही, आणि त्यांना वाटलं, गंगूलाही ठाऊक नाही.

आता पानिपत. तीन-चाळीस. चार मिनिटं. ज्याला घर माहीत आहे.

बाबुराव त्या रविवारी जेवले नाहीत. उत्तराला म्हणाले, "पोट बरं नाही." पोटाला काही झालं नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांची लेक घरी यायला लागली होती.

४

पंधरा जानेवारीला गाव बदललं. समालखा.

बाबुरावांनी प्रफुल्लला विचारलं, "समालखा कुठं आलं?"

"पानिपतच्या अलीकडे, बाबा. जीटी रोडवर. आईची बस त्याच रस्त्यानं जायची ना, काला अंबला."

जायची. मंडळाची बस दर चौदा जानेवारीला पानिपतला जाते. काला अंबच्या स्मारकापाशी फुलं वाहतात, भाषणं होतात, वाटेत पराठे खातात. गंगूला लढाईतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बस एकदा चुकवली नाही. मागच्या वर्षी अंगात ताप होता तरी गेली. बाबुराव दर वेळी तिला टोचायचे, "तुझं कोण मेलंय गं पानिपतात?" ती पिशवी खांद्याला लावायची आणि म्हणायची, "सगळ्यांचंच मेलंय."

समालख्यानंतर गन्नौर. दोन दिवस गन्नौर. मग मुरथल. मग कुंडली. वेळ तीच, गाणं तेच.

"निघाली ती," बाबुराव म्हणाले.

"कोण निघालं?"

बाबुरावांनी सांगितलं. प्रफुल्लचा चेहरा पडला. नऊ वर्षं त्या घरात बहिणीचं नाव घ्यायची बंदी होती, आणि आता बंदी घालणाराच घेत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ते माणसाचं गाव नसतं. मोबाइलचा टॉवर दाखवतं ते. कधी कधी भलतंच गाव दाखवतं."

"टॉवर चालत येतो का दिल्लीकडं?"

उत्तरानं कंपनीतल्या लोकांना पण विचारलं होतं. "योगायोग असू शकतो," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात दम नव्हता.

बाबुराव अडाणी असले तरी गेटवर बसलेला माणूस. ते प्रफुल्लकडून गावागावातलं अंतर विचारून घ्यायचे. दिवसाला सात-आठ किलोमीटर. बस तासात येते. ट्रक दीड तासात. मग इतकं हळू कोण येतं? चालत येणारं माणूस. आणि तेही दमादमानं, मधे मधे बसत. जसं लहान पोर बरोबर असावं.

हे शेवटचं त्यांच्या मनात कुठून आलं, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी ते झटकून टाकलं. बाहेर धुकं असं की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. या थंडीत पोर घेऊन कोण निघेल?

अलीपूर. आझादपूर. करोल बाग.

बाबुरावांनी दाराच्या कडीला तेल दिलं. बाजारात जाऊन शेंगदाणे आणले, श्रावस्तीला आवडणारी चटणी स्वतः कुटली, तिखट जास्त पडलं. गंगूच्या कपाटातून एखादी शाल काढून ठेवावी म्हणून कपाट उघडलं, तर वरच्या खणात लाल लोकरीचा गुंडा आणि विणायच्या सुया तशाच. गंगू दर हिवाळ्यात एक लहान स्वेटर विणायची. नेहमी लाल. दर वर्षी मागच्यापेक्षा थोडा मोठा. बाबुरावांनी विचारलं की म्हणायची, "मंडळाच्या बायका गरिबाच्या पोरांना वाटतात." यंदा नुसताच गुंडा.

त्यांनी खण लावून टाकला.

५

सत्तावीस तारखेला टॅबवर आलं, सरोजिनी नगर.

दुसऱ्या दिवशी बाबुराव रिक्षा करून निघाले. मार्केटच्या गर्दीतून, दोनशे-दोनशे ओरडणाऱ्या कपडेवाल्यांतून वाट काढत जुन्या गल्लीशी पोचले, आणि उभेच राहिले. एफ ब्लॉक नव्हता. क्वार्टर पाडून तिथं उंच इमारती उठत होत्या, भोवती निळे पत्रे. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं. कडुनिंब होता तिथं क्रेन उभी होती.

पत्र्याच्या फाटकाशी एक गार्ड स्टुलावर बसला होता. त्यानं विचारलं, "कहाँ से आए हैं, बाबा? किससे मिलना है?"

एकतीस वर्षं जे बाबुराव विचारत आले ते पहिल्यांदा कोणी त्यांना विचारलं. "रजिस्टर है?" ते म्हणाले.

"है. भर दीजिए."

बाबुराव वाकले. पान नवंच होतं, पाच-सहा नोंदी. ठेकेदार, इलेक्ट्रिशियन, सिमेंटचा ट्रक. सगळ्यात खालची आदल्या दिवसाची.

नाम, कोरं. कहाँ से आए, पानीपत. किससे मिलना है, एफ ३१७. साथ में, १. आने का समय, ३:४०. जाने का समय, कोरं. आणि नोंदीखाली पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ.

ती रेघ बाबुराव मारायचे. प्रत्येक नोंदीखाली. भवनात दुसरं कोणी मारत नव्हतं. श्रावस्ती लहान असताना बाबुराव संपलेली रजिस्टरं घरी आणायचे, आणि ती मागच्या कोऱ्या पानांवर बाहुल्यांची नोंद करायची. "कहाँ से आई, गुड़िया? किससे मिलना है?" आणि खाली रेघ. हात न उचलता, एका दमात.

"ये कौन आई थी?" बाबुरावांनी त्या नोंदीवर बोट ठेवलं.

गार्डनं बघितलं. "पता नहीं जी. मैं तो यहीं बैठा था, मैंने नहीं लिखवाया. कोई पागल लिख गया होगा. अब यहाँ कौन-सा एफ तीन सौ सत्रह?"

"और गई कब?"

"गई होगी."

"गई होगी क्या होता है!" बाबुराव खेकसले. "लिखना पड़ता है! आदमी अंदर रह जाए तो?"

गार्ड हसला. पण हसून झाल्यावर त्यानं एकदा मागं वळून त्या अर्ध्या इमारतींकडे पाहिलं.

बाबुराव परत निघाले तेव्हा डोळे पुसत होते, आणि खरं सांगायचं तर आनंदानं. साथ में, १. पोर आहे तिला. इतकं हळू का चालत होती ते आता कळलं.

६

ही बातमी सांगायची कोणाला? प्रफुल्ल टॉवर-टॉवर करणार. बाबुराव शेजारच्या ब्लॉकमधल्या सुमित्राबाईंकडे गेले. सुमित्राबाई गंगूची मैत्रीण. मंडळाच्या बसमध्ये दर वर्षी दोघी शेजारी बसायच्या.

"श्रावस्ती आलीय," बाबुराव दारातूनच म्हणाले. "पोर आहे तिच्याबरोबर. सरोजिनी नगरला जुन्या घरी जाऊन आली. घर सापडलं नाही तिला, बिचारीला."

सुमित्राबाई गव्हाचं पीठ मळत होत्या. हात तसेच परातीत राहिले. "भाऊजी, आत या. बसा."

"बसत नाही. ती आमच्याकडं येईल आता, मी घरी पाहिजे."

"भाऊजी, बसा म्हणते ना!"

बाबुराव बसले.

"श्रावस्ती नाहीये," सुमित्राबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. तुमच्या दारात आली ना, तेव्हा सातवा होता तिला. गंगूनं खिडकीतून पाहिलं होतं. जानेवारीत बाळंतपणात गेली. बाळ पण. मुलगा होता. सासरच्यांनी गंगूला कळवलं. तिनं मला शपथ घातली. म्हणाली, ह्यांना सांगितलं तर हे त्या कडीवरचा हात कापून घेतील. दर वर्षी बस काला अंबला थांबली की आम्ही दोघी तिथून रिक्षानं जायचो, जिथं बाळाला पुरलंय तिथं. गंगू स्वेटर ठेवायची. त्या वर्षी जेवढा झाला असता तेवढ्याचा."

बाबुरावांना फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. तुझं कोण मेलंय गं पानिपतात? दर वर्षी विचारलं होतं. हसत विचारलं होतं.

"यंदा गंगू नाही," सुमित्राबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "माझे गुडघे असे. यंदा कोणी गेलंच नाही हो त्यांच्याकडं."

७

त्या रात्री बाबुराव पलंगावर नुसते बसून होते. प्रफुल्लला सांगितलं. तो मोरीत जाऊन नळ सोडून रडला. सकाळी उत्तरा म्हणाली, "बाबा, मी आज घरी थांबते." बाबुराव म्हणाले, "काही गरज नाही. जा." एका माणसाला एकट्यानंच करायची काही कामं असतात.

दुपारी तीन-चाळीसला टॅबवर नाव आलं. आर. के. पुरम. डायरेक्ट. गाणं अकरावं. ऐकणारे आत्ता, १.

टॅबचा आवाज बंद होता. बाबुरावांनी दोनदा तपासला. गाणं जिन्यातून येत होतं.

बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. दाराला कडी नको. बाबुरावांनी स्वतःला समजावलं. खालच्या मजल्यावर कोणी ऐकत असेल. उत्तरानंच कोणाला पाठवलं असेल. मराठी माणसं राहतात या ब्लॉकमध्ये, आश्चर्य काय त्यात? मग पावलं ऐकू आली. एक पाऊल, मग घासत टेकलेलं दुसरं लहान पाऊल. मग थांबणं. दमल्यासारखं. पुन्हा एक पायरी.

बाबुराव दाराशी गेले. दिवसा घरी एकटे असले की ते कडी लावून बसतात, तशी लावलेलीच होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, आणि हात तिथंच राहिला. तेल दिलेली कडी. नुसती ओढायची होती. पण आतलं कोणीतरी म्हणत होतं, मेलेलं माणूस आहे, बाबुराव. उघडू नको. हेच नऊ वर्षांपूर्वी पण आतून कोणीतरी म्हणालं होतं, फक्त शब्द वेगळे होते. मेली ती आपल्याला. उघडू नको.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मोजून घे माणसं, कोण नाही घरी गं. गंगूचा आवाज तिथं येऊन थांबला जिथं ती रडली होती. चौथं मिनिट लागलं आणि बाबुरावांनी कडी ओढली.

समोरची मोकळी जागा रिकामी होती. जिना खाली वळतो तिथं अंधार असतो. त्या वळणावर कठड्याला धरलेला एक बाईचा हात दिसला. नखांत माती. आणि त्याच्या खाली, कठड्याच्या सळईला धरलेला एक लहान हात. लाल लोकरीची बाही. बाही आखूड झालेली, मनगटाच्या पार वर चढलेली. मनगट थंडीनं काळंनिळं.

यंदाचा कोणी विणलाच नव्हता.

बाबुरावांनी त्यांची तोंडं पाहिली नाहीत. पाहिली असती, पण त्याआधीच तोंडातून निघालं, "ये, पोरी. मी पाणी आणतो." बाहेरून आलेल्याला आधी पाणी द्यावं. दार सताड उघडं टाकून ते स्वयंपाकघरात गेले. तांब्या भरला.

तेव्हा बाहेर दाराचा आवाज झाला. हळू. मग कडी. मग टक, टक.

टॅबमधून आला असेल म्हणावं, तर टॅबचा आवाज बंद होता. बाबुराव तांब्या घेऊन बाहेर आले. खोलीत कोणी नव्हतं. जिन्यात गाणं नव्हतं. दार लागलेलं होतं, आणि कडी आतून घातलेली होती.

८

संध्याकाळी उत्तरानं टॅब तपासला. ती म्हणाली, शेवटच्या नोंदीत गावाचा रकाना कोरा आलाय, आणि गेल्याची वेळ पण कोरी आहे. मशीनची चूक. त्या दिवसानंतर तीन-चाळीसला कोणी आलं नाही. 'ऐकणारे आत्ता' पुढचा एकचा आकडा मात्र गेलेला नाही. ती रोज म्हणते, "दुरुस्त करते, बाबा." बाबुराव म्हणतात, "हात लावू नको. पान उलटायचं नाही."

आता बाबुराव दाराला कडी लावत नाहीत. दिवसा नाही, रात्री नाही. प्रफुल्ल चोरांची भीती घालतो. पण तो ऑफिसातून येऊन बूट काढतो, सगळे आतल्या खोलीत जेवायला बसतात, आणि बाहेर कडी लागते. टक, टक. प्रफुल्ल आणि उत्तरा एकमेकांकडे बघत नाहीत. दोघं भात कालवत राहतात.

कपाटातला लाल गुंडा रोज थोडा लहान होतोय. बाबुरावांनी कोणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं, झालं.

बाबुरावांनी आपल्या वाटणीची माफी मागितली आहे. दाराशी उभं राहून, हात जोडून, मोठ्यानं. लेकीची मागितली, नातवाची मागितली. उत्तर आलं नाही, येऊही नये. पण नऊ वर्षं जी समोर बसून सुया चालवत राहिली, चहात साखर ढवळत राहिली, "सगळ्यांचंच मेलंय" म्हणून पिशवी खांद्याला लावत राहिली, आणि नवऱ्याला त्याच्याच लेकीसाठी एकदा रडू दिलं नाही, तिनंही एक शब्द बोलायचा आहे. घरात आहे, कडी लावते, माणसं मोजते, आणि बोलत तेवढी नाही. तिनं मागायची माफी तेवढी राहिलीय.

गंगूची.